जाणं-येणं वाचलं, मग वेळ गेला कुठे?

प्रश्न : मी सेवाग्रामला आईबाबांकडे राहून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. पुण्यात रोज दोन तास बसमध्ये जायचे. ते वाचले, खोलीचं भाडं वाचलं. तरी दिवस पुरत नाही, संध्याकाळी जीव आंबून जातो. बाबा म्हणतात, घरात बसून कसला आलाय थकवा! नक्की काय होतंय?

उत्तर : तुमचा हिशोब साधा आहे. वाचलेले दोन तास आपल्या पदरात पडायला हवेत. पण ते कामच गिळून टाकतं. शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीने 2010-11मध्ये फोनवर काम करणाऱ्या आपल्या माणसांवर नऊ महिने प्रयोग केला. काहींना आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं, बाकीचे ऑफिसातच राहिले. घरून काम करणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं. त्या 13पैकी सुमारे 9 टक्के वाढले ते निव्वळ जास्त मिनिटं बसल्यामुळे : मधल्या सुट्ट्या कमी, आजारपणाच्या रजा कमी. घरची शांतता उरलेल्या वाढीपुरतीच. म्हणजे घरून काम करणारा आळसावतो हा समज बाबांनी सोडायला हरकत नाही. होतं ते उलटच.

असं का होतं? बसच्या प्रवासाचा कंटाळा येतो हे खरं, पण तो प्रवास कामाला कुंपण घालतो. बसमध्ये चढलं की ऑफिस मागे पडतं. घरी मात्र लॅपटॉप मिटला तरी तो तिथेच असतो, आणि घरच्यांच्या लेखी तुम्ही ‘घरीच’ असता. सिलिंडरवाला आला, पाहुणे आले, की हाक तुम्हालाच. ती दहा मिनिटं रात्री भरून काढायची.

प्रवास वाचवूनही असं कुंपण राखण्याचं मोठं उदाहरण तुमच्या गावातच आहे. गांधीजी 1936मध्ये तिथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई सुरुवातीला वर्ध्याला मगनवाडीत राहत. टपाल, कागद घेऊन ते रोज पायी सेगावला जात आणि परत येत, जाऊन-येऊन अकरा मैल. वर्ध्याच्या मे महिन्यात! असला प्रवास वाचायलाच हवा होता, आणि पुढे आश्रमातच महादेव कुटी उभी राहिली.

पण बापूंची राहायची कुटी आणि दफ्तर वेगवेगळं होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी संपर्कासाठी बसवलेला टेलिफोन दफ्तरात होता. कुटी आणि दफ्तर यांच्यात अंतर चार पावलांचं, पण उठून जावं लागे. शिवाय दिवसाला प्रार्थनेच्या आणि फिरण्याच्या वेळा ठरलेल्या. देशभरातलं काम दारात येत होतं, तरी दिवसाला कडा होत्या.

घरच्या कामाचा दुसरा भार खर्चाचा. सोलापुरात बायका घरी विड्या वळतात. पानं-तंबाखू कारखान्यातून मिळते, पण जागा, उजेड त्यांचा, आणि तंबाखूची धूळही त्यांच्याच घरात. मजुरी मात्र हजार विड्यांमागे. तुमचा कूलर, इंटरनेट आणि खुर्ची कोणाच्या खिशातून चालते? कंपनीकडे त्याचे पैसे मागायला संकोच करू नका.

तिसरी गोष्ट नजरेआड होण्याची. सीट्रिपमध्ये तेवढंच चांगलं काम करूनही घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली. प्रयोग संपल्यावर त्यांच्यातले निम्मे आपणहून ऑफिसात परतले, एकटेपणा हे त्याचं मोठं कारण. पुढे याच कंपनीने आठवड्यातले दोनच दिवस घरून काम दिलं, तेव्हा बढतीत फरक पडला नाही आणि नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले. सेवाग्रामहून दर आठवड्याला पुणं गाठणं जमणार नाही, पण महिन्यातून चार दिवस सलग जाता येतं का, हे साहेबांना विचारा.

तोवर ओसरीवर किंवा मागच्या खोलीत एक टेबल कामापुरतंच ठेवा. संध्याकाळी ठरल्या वेळी लॅपटॉप तिथेच मिटून आश्रमापर्यंत पायी फिरून या. आणि ‘दार उघडं असलं तर हाक मारा, लोटलेलं असलं तर मी पुण्यात आहे’ असं बाबांना सांगून ठेवा.