पटावरचे नाव आणि फडातले मूल

प्राथमिक शिक्षणाची चर्चा निघाली म्हणजे आपण बहुधा पटसंख्येपासून सुरुवात करतो. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती दुसऱ्या टोकाकडून केली होती. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणावरील खर्चाची चर्चा चालू असता त्यांनी दाखवून दिले, की प्राथमिक शाळेत येणाऱ्या दर १०० मुलांपैकी अवघी १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. मूल शाळेत आले एवढ्याने त्यांचे समाधान नव्हते. ते कायमचे साक्षर होऊन बाहेर पडले काय, हे ते विचारीत होते. विद्यार्थी मित्रांनी हे भाषण मुळातून वाचावे. आकडे आज पुष्कळ बदलले आहेत. प्रश्न मात्र तोच आहे, हे आम्हांस बँकेच्या खिडकीतून दर वर्षी दिसते.

आमची नोकरी बीड जिल्ह्यातील एका शाखेत. दसरा उलटला की ऊसतोडीला जाणारी मंडळी खात्यातले असेल नसेल ते काढावयास येतात. मागील हंगामापूर्वी एका मुलाने बापाची पैसे काढण्याची स्लिप भरून दिली. सहावीतला मुलगा, अक्षर आमच्यापेक्षा चांगले. बापाने खाली अंगठा उठवला. "याची शाळा?" आम्ही विचारले. बाप म्हणाला, "कुणाजवळ ठेवू साहेब? म्हातारी होती तवर ऱ्हायचा. ती गेली औंदा." मुलगा खिडकीवरच्या पेनाची दोरी बोटाला गुंडाळीत उभा होता. आम्ही पैसे मोजून दिले. दुसरे काय करणार होतो?

या घराचा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते व ती तोडलेल्या टनांवर फिटते. टन कमी पडले तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. म्हणून दोघेही पहाटेच फडात जातात. मग कोपीवर धाकट्या भावंडास सांभाळावयास, पाणी भरावयास थोरले मूल लागते. ते दहा-बारा वर्षांचे झाले की वाढे गोळा करणे, मोळ्या उचलू लागणे हेही त्याच्याकडे येते. हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, म्हणजे शाळेचे अर्ध्याहून अधिक वर्ष. शाळेला फी नाही, पुस्तके मिळतात, दुपारचे जेवण मिळते. तरी त्या मुलाला शाळेत बसविण्यासाठी घराला एका माणसाचे काम सोडावे लागते. मोफत शिक्षण म्हणताना हा खर्च कोणी मांडीत नाही.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात ते सक्तीचे व मोफत केले आणि मूल न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. पुढे महाराष्ट्र शासनाने १९९२ साली उलट वाट धरली : पहिली ते चौथीच्या गरीब मागासवर्गीय मुलींना हजेरीबद्दल रोज एक रुपया भत्ता. कल्पना उत्तम होती, कारण बुडणाऱ्या कामाची भरपाई तिने प्रथमच मान्य केली. पण तीस वर्षे उलटली तरी तो रुपया रुपयाच राहिला. मजुरीशी तो कसा झुंजणार?

आज दोन वाटा आहेत. एक हंगामी वसतिगृहाची. मूल गावातच राहते, सकाळ-संध्याकाळ जेवण शाळेत, झोपावयास आजीकडे. ज्या घरी आजी नाही तेथे ही वाट बंद होते. वयात आलेल्या मुलीच्या बाबतीत तर आईबाप सोबत नेणे किंवा लग्न उरकणे हाच विचार करतात. दुसरी वाट शिक्षण हक्क कायद्याची. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याने स्थलांतरित मुलास दुसऱ्या शाळेत बदली मागण्याचा हक्क दिला आहे, आणि दाखला यावयास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. बीडचे मूल सांगली-कोल्हापूरकडच्या गावातील शाळेत त्याच आठवड्यात बसू शकते. कोपीवरच्या आईबापांना हे कोण सांगणार? मुकादम खचित सांगणार नाही.

आपल्या सभासदांपैकी अनेकांची मुळे अशाच वस्त्यांत आहेत. दसऱ्यापूर्वी वस्तीत जाऊन कोणते घर कोणत्या कारखान्याला जाणार, मूल कितवीत, मागे ठेवावयास कोणी आहे काय, एवढे विचारावे. मागे राहणाऱ्या मुलासाठी मुख्याध्यापकांकडे वसतिगृहाची मागणी वेळेत गेली पाहिजे. जाणाऱ्या मुलाच्या बापाच्या खिशात शाळेचे पत्र असले पाहिजे. आम्ही यंदा एक शंभर पानी वही घातली आहे. पहिल्या पानावर त्या सहावीतल्या मुलाचे नाव आहे. उन्हाळ्यात तो परत आला, पण जूनमध्ये शाळेत गेला नाही. त्याच्या घरी येत्या रविवारी जावयाचे आहे. सोबत कोणी येणार असेल तर कळवावे.