अठ्ठावीस तासांची गाडी

कोल्हापूरच्या रेल्वे स्टेशनवरून रोज दुपारी एक लांब पल्ल्याची गाडी सुटते. तिचे नाव महाराष्ट्र एक्सप्रेस. हे नाव तिला शोभून दिसते. ही गाडी सुमारे १,३४० किलोमीटर धावते, पण महाराष्ट्राची हद्द कोठेही ओलांडत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गोंदियाला पोहोचते. म्हणजे सुमारे २८ तासांचा प्रवास!

महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला जाणे सोपे असते. रात्री झोपावे आणि सकाळी मुंबईत डोळे उघडावेत. या गाडीचे तसे नाही. झोपेचे आठ तास वजा केले तरी वीस तास उरतात. एवढ्या वेळात करायचे तरी काय?

एका दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या भाच्याला घेऊन या गाडीने निघालो. आम्हांला नागपूरच्या पुढे कामठीला एका लग्नाला जायचे होते. भाचा तुमच्यासारखाच, उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवीत शिकणारा. त्याने सोबत मोबाइल आणला होता आणि वीस तासांचा प्रश्न त्याच्यापुरता सुटला होता. गाडी हलली आणि त्याची मान खाली गेली.

तुम्ही या गाडीत बसलात तर पहिला तासभर तरी असे करू नका. कोल्हापूर सोडल्यावर थोड्याच वेळात रुकडीजवळ पंचगंगेचा पूल लागतो. दोन्ही बाजूंना उसाचे हिरवेगार मळे असतात. जयसिंगपूर गेले की कृष्णा नदी येते आणि मग मिरज. कोल्हापूर ते मिरज हा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. २०१६ सालच्या उन्हाळ्यात लातूर शहर तहानलेले असताना याच मिरजेहून पाण्याने भरलेली रेल्वेगाडी लातूरला गेली होती.

मिरज हे सतार आणि तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांचे गाव आहे. हे कारागीर पूर्वी हत्यारांना धार लावणारे शिकलगार होते. पुढे त्यांनी पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या मोठ्या भोपळ्यांपासून वाद्ये घडवायला सुरुवात केली. उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) हे थोर गायक याच गावी राहत. त्यांचा शेवटही रेल्वेच्या प्रवासातच झाला. १९३७ साली पाँडिचेरीला जात असताना छातीत दुखू लागले, म्हणून ते वाटेतल्या एका लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर अंथरूण घातले, तंबोरा जुळवायला सांगितला आणि दरबारी रागात ईश्वराला आळवता आळवता त्यांनी डोळे मिटले. त्यांची कबर मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यात आहे. दरवर्षी उरुसात तेथे मोठमोठे गवई येऊन गातात.

ही हकिकत मी भाच्याला सांगत होतो, पण मध्येच एक प्रसंग घडला. मिरजेला समोरच्या बाकावर एक कुटुंब येऊन बसले होते. आई, वडील आणि भाच्याच्याच वयाची एक मुलगी. फलाटावर चहावाल्याची हाक ऐकू आली. भाचा अदबीने त्या गृहस्थांना म्हणाला, "काका, चहा आली."

मुलगी खुदकन हसली. "चहा आली नाही, चहा आला!"

तिच्या मनात वाईट काही नव्हते. पण भाच्याचा चेहरा उतरला. त्याने पुन्हा मोबाइल काढला आणि तोंडाला जणू कुलूप लावले.

तुमच्यापैकी कितीजणांवर अशी वेळ आली असेल, ते मला ठाऊक आहे. चूक आपल्या बुद्धीची नसते, दोन भाषांच्या चालीची असते. उर्दूत दोनच लिंगे आहेत, मुजक्कर आणि मुअन्नस. मराठीत तीन आहेत. उर्दूतील 'चाय' स्त्रीलिंगी, तर मराठीतील 'चहा' पुल्लिंगी. 'किताब' स्त्रीलिंगी, पण 'पुस्तक' नपुंसकलिंगी. 'पानी' पुल्लिंगी, तर 'पाणी' पुन्हा नपुंसकलिंगी! नियम पाठ करून हे साधत नाही. ऐकून ऐकून आणि बोलून बोलून ते अंगवळणी पडते. पण बोलायचीच लाज वाटली, तर अंगवळणी पडणार कसे?

किर्लोस्करवाडी आली तेव्हा भाच्याचा मोबाइल बंद पडला. घरून निघताना तो पुरेसा चार्ज केलेला नव्हता आणि आमच्या बाकाजवळची जागा दुसऱ्या कोणीतरी अडवली होती. मला मनातून बरेच वाटले, हे कबूल करतो. किर्लोस्करवाडी हे गाव १९१० साली लोखंडी नांगरांच्या कारखान्यासाठी वसले. गंमत अशी की, नांगर बनवणाऱ्या या गावातून १९२० पासून 'किर्लोस्कर खबर' नावाचे मासिकही निघू लागले. मी वाचायला दोन जुनी मासिके आणली होती. भाच्याने पाने उलटली, चित्रे पाहिली आणि मासिके बाजूला ठेवली.

मग त्याला एक हिशेब दिला. तुम्हीही करून पाहा. रुळांच्या कडेला विजेचे खांब असतात. त्यांवर दोन आकडे लिहिलेले असतात. वरचा किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. वरचा आकडा बदलला की घड्याळ पाहायचे आणि पुन्हा बदलेपर्यंत सेकंद मोजायचे. ३,६०० ला त्या सेकंदांनी भागले की गाडीचा ताशी वेग मिळतो. ६० सेकंद लागले तर ताशी ६० किलोमीटर, ४५ सेकंद लागले तर ताशी ८०. भाचा बोटांवर भागाकार करू लागला. समोरची मुलगी घड्याळ पाहून "आता!" असे ओरडू लागली. कराड केव्हा आले, ते दोघांनाही कळले नाही.

तिनेच मग भेंड्यांचा विषय काढला. भेंड्या म्हणजे काय, हे तुम्हांला समजावून सांगायची गरज नाही. तुमच्या शाळेत बैतबाजी होते ना? एकाने शेर म्हणायचा आणि त्याच्या शेवटच्या अक्षरापासून सुरू होणारा शेर दुसऱ्याने म्हणायचा. मराठीत हाच खेळ गाण्यांचा आणि कवितांचा असतो. भाच्याला मराठी गाणी फारशी येत नव्हती, म्हणून आम्ही स्टेशनांच्या नावांच्या भेंड्या ठरवल्या.

"कोल्हापूर. र आला!" मुलगी म्हणाली.

भाचा क्षणभर गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "रुकडी."

"डोंबिवली."

"लोणंद."

"दौंड."

"डहाणू!" भाचा जोरात म्हणाला. भूगोलाच्या पुस्तकात त्याने हे नाव वाचले होते.

आता मुलगी अडली. 'ण' पासून सुरू होणारे गाव आणायचे कोठून? मराठीत हे अक्षर शब्दात मध्ये येते, शेवटी येते, पण सुरुवातीला येत नाही. उर्दूत तर ते नाहीच. जे अक्षर उच्चारताना आपली जीभ अडखळते, त्याच अक्षराने भाच्याने डाव जिंकला!

साताऱ्याच्या पुढे अंधार पडला. खिडकीत आपलाच चेहरा दिसू लागला, की बाहेर पाहण्याचा खेळ संपतो. तेव्हा आम्ही वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहू लागलो. डब्यात दिसणाऱ्या किंवा ऐकू येणाऱ्या मराठी शब्दांपैकी आपल्या घरचे किती? सामान, दरवाजा, रुमाल, हमाल, मुक्काम, जिल्हा, तालुका... अरबी-फारसीतून आलेले असे कितीतरी शब्द मराठीत सुखाने राहत आहेत. काहींनी मात्र नव्या घरी आल्यावर वेश बदलला. उर्दूत 'दफ्तर' म्हणजे कचेरी. मराठीत तेच 'दप्तर' होऊन मुलांच्या पाठीवर बसले! उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव. मराठीत मात्र 'प्रयत्नांची शिकस्त' म्हणजे प्रयत्नांची पराकाष्ठा. भाच्याने पान भरवले आणि भडंग खाता खाता त्यावर तेलाचे डागही पाडले.

पुण्याला गाडीचे तोंड फिरते. मिरजेकडून आलेली गाडी पुण्यात शिरते आणि दौंडला जाण्यासाठी पुन्हा आल्या दिशेने बाहेर पडते. त्यामुळे इतका वेळ पुढे तोंड करून बसलेला माणूस आता मागे तोंड करून बसलेला असतो. भाच्याला वाटले, गाडी कोल्हापूरला परत निघाली! तो घाबरून उठला आणि सगळे हसले. या वेळी तोही हसला. दौंड, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), मनमाड ही स्टेशने झोपेत गेली.

सकाळी जाग आली ती खानदेशात. उसाच्या जागी आता केळीच्या बागा होत्या. चाळीसगाव आणि जळगाव मागे पडले. समोरच्या कुटुंबाला भुसावळला उतरायचे होते. गाडीचा वेग कमी झाला, तसे मुलीने सामान उचलता उचलता कालचे उट्टे काढले.

"शेवटचा डाव! भुसावळ!"

'ळ' आला. मराठीत 'ळ' पासूनही शब्द सुरू होत नाही. भाचा डोके खाजवू लागला. मुलगी हसत हसत फलाटावर उतरली. भाच्याने खिडकीला नाक लावले. समोर पिवळा फलक होता. तुम्हीही असे फलक पाहिले असतील. स्टेशनाचे नाव त्यावर मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत असते. मराठीत 'भुसावळ' आणि हिंदीत 'भुसावल'.

"लासलगाव!" भाचा खिडकीतून ओरडला. "फलक बघ! ळ चा ल होतो!"

मुलीने वळून फलक पाहिला आणि दोन्ही हात वर केले. हार मान्य!

शेगावला एक म्हाताऱ्या बाई आमच्या शेजारी येऊन बसल्या. संत गजानन महाराजांच्या समाधीचे दर्शन घेऊन त्या वर्ध्याला परत निघाल्या होत्या. पिशवी पायाशी ठेवत त्यांनी भाच्याला विचारले, "कुठं जाऊन राह्यला रे बाबू?"

भाचा चकित होऊन माझ्याकडे पाहू लागला. मग माझ्या कानाशी लागून म्हणाला, "मामू, हे तर 'कहाँ जा रहा है' झाले!"

त्याचे खरे होते. आपल्या कोल्हापुरात "कुठं चाललायस?" असे विचारतात. पाठ्यपुस्तकात "कोठे जात आहेस?" असे लिहिलेले असते. पण वऱ्हाड-नागपूरकडची मराठी 'जाऊन राहिला', 'करून राहिला' असे म्हणते. उर्दूतल्या 'जा रहा', 'कर रहा' याचीच ही जवळची बहीण वाटते. त्या भागात 'का' या प्रश्नाला 'काहून' म्हणतात. शेकडो किलोमीटर आल्यावर पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी, तरीही अस्सल मराठी बोलणारी एक आजी भाच्याला भेटली होती.

मग काय विचारता! अकोला गेले, मूर्तिजापूर गेले, बडनेरा गेले, तरी दोघांच्या गप्पा संपेनात. खिडकीबाहेर कपाशीची बोंडे पांढरीशुभ्र फुटलेली होती. आजींनी ती वेचण्याची रीत सांगितली. भाच्याने त्यांना पंचगंगेचा पूर आणि रंकाळा तलाव यांविषयी सांगितले. त्याच्या बोलण्यात चुका होत होत्या. 'पाणी आला' असे तो निदान तीनदा म्हणाला. मी मोजत होतो, आजी मोजत नव्हत्या. त्यांना पुरात पुढे काय झाले, ते हवे होते. त्यांनी शेगावची कचोरी आमच्या हातावर ठेवली आणि आम्ही त्यांना उरलेले भडंग दिले. एक घास खाताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "लय तिखट!" म्हणून त्यांनी दुसरा घास घेतला.

वर्ध्याला भाच्याने त्यांची पिशवी दारापर्यंत नेली. फलाटावर चहावाला उभा होता. "आजी, चहा आला," तो म्हणाला. मी कान टवकारून ऐकत होतो. त्याचे मात्र तिकडे लक्षच नव्हते. तो खिशात सुटे पैसे शोधत होता.

नागपूरच्या फलाटावर संत्र्यांच्या टोपल्या दिसल्या. कामठीला आम्ही उतरलो, तेव्हा गाडी पुढे भाताच्या प्रदेशात, गोंदियाकडे निघून गेली. पाहुण्यांच्या घरी पोहोचल्यावर भाच्याने मोबाइल चार्जिंगला लावला आणि मला विचारले, "मामू, आपण परत कधी जाऊन राह्यलो?"

शब्दार्थ
लांब पल्ल्याची – दूरच्या अंतराची
अदबीने – आदराने, नम्रपणे
अंगवळणी पडणे – सवय होणे
उट्टे काढणे – बदला घेणे
पराकाष्ठा – शेवटची मर्यादा
कान टवकारणे – लक्ष देऊन ऐकणे
भडंग – चुरमुऱ्यांचा तिखट पदार्थ

स्वाध्याय
१. मिरजेला भाच्याचा चेहरा का उतरला?
२. 'भुसावळ' या नावावर अडलेला डाव भाच्याने कसा सोडवला?
३. आजींचे बोलणे ऐकून भाचा चकित का झाला?
४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आहेत, पण ज्यांचे लिंग वेगळे आहे, असे पाच शब्द शोधा व प्रत्येकाचे मराठीत एक वाक्य करा.
५. कोल्हापूर ते गोंदिया या मार्गावरील स्टेशने नकाशात शोधा आणि वर्गात त्यांच्या नावांच्या भेंड्या खेळा.