पोरांच्या हाती डेटा दे, हिशोबही दे

अगं, व्हिसा आला, चिवडा-मेतकुटाचंही ठरलं. आता फोनचं काय करायचं ते ऐक. आधी पॅरिस, मग स्वित्झर्लंड, आणि बरोबर पंधरा नि तेरा वर्षांची पोरं. "तिकडे तुम्हाला नेट मिळणार नाही," असं फर्मान काढू नकोस. मेट्रोचं दार लागलं आणि लेक फलाटावरच राहिली, तर तिच्या हातात चालू फोन हवा. तुझ्या एकटीच्या हॉटस्पॉटवर चौघांनी राहायचं म्हटलं, तर नेमक्या त्या वेळी तो तिच्यापासून लांब गेलेला असेल.

म्हणून दोघांना आपापलं पॅक घेऊन दे. मोजकंच दे, पण ते पुरवायचं काम त्यांच्यावर सोड. एचडी व्हिडिओ तासाभरात एखादा जीबी सहज खातो, हे एकदा सांगून ठेव.

ई-सिम घेताना आधी फोनमध्ये ते चालतं का बघ, मग पॅकमधल्या देशांची यादी वाच. युरोपियन युनियनमध्ये २०१७ पासून एका देशातलं सिम दुसऱ्या देशात जादा रोमिंग न पडता वापरता येतं. पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. पॅकवर 'युरोप' लिहिलंय म्हणून त्यात स्वित्झर्लंड असेलच असं धरू नकोस. आणि ई-सिम घरच्या वायफायवरच टाकून घ्या, विमानतळावर धावपळ नको.

इथलं सिम काढू नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. त्याचं डेटा रोमिंग तेवढं बंद ठेवा. आयफोनमध्ये 'सेल्युलर डेटा स्विचिंग'ही बंद कर, नाहीतर फोन परस्पर इथल्या सिमचा डेटा वापरायला जातो. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर चालू राहतं.

बाकीचं लेकीवर सोपव, तिला आपल्यापेक्षा लवकर जमतं. चौघांच्या व्हॉट्सअ‍ॅपमधलं ऑटो-डाउनलोड बंद, फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर, दोन्हीकडचे नकाशे डाउनलोड. ऑफलाइन नकाशात बस-रेल्वेच्या वेळा दिसत नाहीत, म्हणून तिकिटांचे आणि वेळांचे स्क्रीनशॉट काढून ठेवायला सांग. धाकट्याला हॉटेलचं नाव-पत्ता कागदावर लिहायला लाव. एकेक चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात. ११२ नंबर दोन्ही देशांत चालतो आणि त्याला डेटा लागत नाही, हे दोघांकडून पाठ करून घे.

आजीला व्हिडिओ कॉल सकाळी, नाश्त्याआधी हॉटेलच्या वायफायवरून करा. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे असतो. तुम्ही रात्री आठला खोलीवर पोचाल तेव्हा इथे साडेअकरा वाजलेले असतील, आई झोपलेली असेल.

एक मात्र कळकळीने सांगते. पोरांना जो नियम, तोच तुम्हा दोघांना. जेवताना फोन नाही म्हणजे कुणाचाच नाही. आणि एखाद्याने तिसऱ्याच दिवशी पॅक संपवलं, तर चारचौघांत बोलू नकोस. नकाशा आणि घरच्यांशी संपर्क, एवढ्यापुरतं छोटं पॅक भरून दे. बाकी मजा त्याने वायफायवर करावी. परक्या गावात पोराने अडचण लपवावी, यासारखं वाईट काही नाही. तुझ्या ओरड्याची भीती नसेल, तर तो पहिला फोन तुलाच करेल.

आज जेवणं झाली की चौघं बसा आणि प्रत्येकाला किती जीबी, ते पोरांनाच आधी सांगू दे. आकडा जास्त वाटला तर घासाघीस कर, पण ठरलेला मोडू नकोस.