पांढरा डबा हाताच्या अंतरावर हवा

रुग्णालयात कुणाला वापरलेली सुई टोचली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'लक्ष कुठे होतं तुझं?' सिस्टर असो, इंटर्न असो, लॅबमधला तंत्रज्ञ असो की वॉर्डातले मामा आणि मावशी असोत, हा प्रश्न सगळ्यांच्या वाट्याला येतो. तो एकदा ऐकलेला माणूस पुढच्या वेळी बोट नळाखाली धुतो, त्यावर पट्टी लावतो आणि गप्प बसतो. आरोग्यसेवेत काम करणाऱ्या वाचकांना आणि त्यांच्या वरिष्ठांना मला आज हेच सांगायचे आहे, की हा प्रश्नच चुकीचा आहे. सुई टोचण्याच्या बहुतेक घटनांचे मूळ हातात दिलेल्या साधनात, सुया टाकायचा डबा ठेवलेल्या जागेत आणि कामाच्या घाईत असते. तेव्हा 'जपून काम करा' अशी पाटी लावून त्या थांबणार नाहीत. साधन, जागा आणि कामाची पद्धत बदलावी लागेल.

याला आधार आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जनीन जॅगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुई टोचल्याच्या ३२६ घटना एकेक करून तपासल्या आणि १९८८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे एक तृतीयांश जखमा सुईला पुन्हा टोपण लावताना झाल्या होत्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ज्या साधनांची वापरानंतर जोडणी सुटी करावी लागत होती, त्यांच्यापासून जखम होण्याचे प्रमाण साध्या डिस्पोजेबल सिरिंजच्या पाचपटीपर्यंत गेले होते. म्हणजे जखमेचे प्रमाण साधनाच्या घडणीप्रमाणे बदलत होते. टोपण का लावले, असे विचारल्यावर काहींनी विसरलो असे सांगितले, पण अनेकांनी दिलेले कारण अगदी समजण्यासारखे होते. उघडी सुई हातात धरून साधन सुटे करायची भीती वाटत होती. शिवाय तीन-चार उघड्या वस्तू एकाच फेरीत डब्यापर्यंत न्यायच्या होत्या. एक धोका टाळण्यासाठी त्यांनी दुसरा पत्करला होता. अशा माणसाला बेफिकीर म्हणणे अन्यायाचे आहे.

टोपण लावण्याची क्रिया जवळून पाहिली की धोका लगेच कळतो. एका हातात सुई, दुसऱ्या हाताच्या चिमटीत टोपण, आणि टोपणाचे तोंड जेमतेम काही मिलिमीटरचे. दोन्ही हात एकमेकांकडे येतात. तेवढ्यात रुग्ण हलला, कुणी हाक मारली किंवा बोट घसरले, की सुई टोपणाची कड चुकवून थेट टोपण धरलेल्या बोटात जाते. म्हणून नियम असा, की वापरलेल्या सुईला टोपण लावायचे नाही, ती वाकवायची नाही आणि हाताने सिरिंजपासून ओढून काढायची नाही. इंजेक्शन झाले की सुई हब कटरने कापायची किंवा सिरिंजसकट थेट पांढऱ्या डब्यात टाकायची. टोपण लावण्यावाचून खरोखरच इलाज नसेल, तर ते सपाट जागी ठेवून एकाच हाताने सुईने उचलायचे, दुसरा हात लांब ठेवायचा. पण हे सारे जमण्यासाठी डबा रुग्णाच्या खाटेजवळ, हात पुरेल इतक्या अंतरावर हवा. तो वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, सिस्टरच्या टेबलाखाली असेल, तर आपण स्वतःच सिस्टरला उघडी सुई घेऊन वॉर्डभर चालायला लावतो. डबा तीन चतुर्थांश भरला की बदलायचा. तोंडापर्यंत भरलेल्या डब्यात सुई दाबून बसवताना आतली जुनी सुई बोटाला लागते. ऑपरेशन थिएटरमध्येही हेच तत्त्व लागू पडते. स्कालपेल आणि टाक्याची सुई हातातून हातात न देता किडनी ट्रेमध्ये ठेवावी आणि दुसऱ्याने तिथून उचलावी. टाक्याची सुई बोटाने न पकडता फोर्सेप्सने पकडावी, आणि ब्लेडही हाताने काढू नये.

सुई वापरणाऱ्याच्या हातातून सुटली म्हणजे धोका संपला, असे नाही. तो पुढच्या माणसाकडे जातो. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ प्रमाणे सुया, ब्लेड आणि सुई घट्ट बसवलेल्या सिरिंज यांच्यासाठी न टोचणारा, न गळणारा, पुन्हा उघडता न येणारा पांढरा पारदर्शक डबा ठरलेला आहे. लाल पिशवी सलाईनच्या नळ्या आणि सुई काढलेल्या सिरिंज यांच्यासाठी आहे. तिच्यात एखादी सुई गेली, तर पिशवीला गाठ मारणाऱ्या मावशीच्या हाताला किंवा ती उचलणाऱ्या मामांच्या मांडीला ती टोचते. त्यांना सुई दिसत नाही आणि ती कोणत्या रुग्णाची हेही कळत नाही. त्यामुळे पुढचे उपचार ठरवणेही कठीण होते. इमारतीबाहेर गेलेल्या सुईचा धोका याहून मोठा. गुजरातमधील मोडासा इथे २००९ मध्ये हिपॅटायटिस बीची जी साथ पसरली, तिचा संबंध पुन्हा वापरलेल्या सिरिंजशी लागला होता. हब कटरने कापलेली सुई आणि मोडलेली सिरिंज पुन्हा वापरता येत नाहीत, हा हब कटरचा दुसरा फायदा. घरी इन्सुलिन घेणाऱ्या वाचकांनीही ध्यानात घ्यावे, की सुया सुट्या किंवा साध्या पिशवीत टाकल्या तर त्या कचरा वेचणाऱ्या माणसाच्या हातात रुततात. त्या जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या बरणीत साठवाव्यात आणि बरणी घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्यावी.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की एका सुईने असा किती धोका असणार? आकडे पाहू. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. हिपॅटायटिस सीसाठी जुन्या अभ्यासांत ती सुमारे १.८ टक्के आढळली, नव्या अभ्यासांत त्याहून बरीच कमी. हिपॅटायटिस बीची गोष्ट मात्र वेगळी. लस न घेतलेल्या माणसात ही शक्यता ६ ते ३० टक्क्यांपर्यंत जाते, आणि हा विषाणू सुकलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. सगळे एचआयव्हीला घाबरतात, पण लस न घेतलेल्याला मोठा धोका हिपॅटायटिस बीचा असतो, आणि तो टाळणे सर्वांत सोपे आहे. ०, १ आणि ६ महिन्यांनी तीन डोस, आणि शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटीबॉडीची पातळी तपासायची. ती मिलिलिटरमागे १० मिली-आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक असेल तर संरक्षण मिळाले असे समजावे. लस देण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनीच रुग्णालयावर घातले आहे आणि त्यात कचरा हाताळणारेही येतात. पण सिस्टरने तिन्ही डोस घेतलेले आणि मावशींचा पहिलाही झालेला नाही, असे चित्र कुठे दिसत असेल, तर त्याची जबाबदारी मावशींवर ढकलता येणार नाही.

दुसरा आक्षेप अनेक दवाखान्यांत ऐकू येतो. सगळ्या रुग्णांची आधी एचआयव्ही तपासणी करून घ्या, मग ज्यांची पॉझिटिव्ह आली त्यांच्या बाबतीत जपू. हा विचार दोन्ही बाजूंनी फसवा आहे. लागण झाल्यावर सुरुवातीच्या काळात तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. शिवाय 'निगेटिव्ह' शिक्क्याने हात सैल पडतो, आणि हिपॅटायटिसचा प्रश्न तर उरतोच. २०१७ च्या एचआयव्ही/एड्स कायद्याप्रमाणे माणसाची माहितीपूर्ण संमती नसताना ही तपासणी करताच येत नाही. प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य असू शकते असे धरून सगळ्यांच्या बाबतीत सारखी काळजी घेणे, हीच पद्धत काम करणाऱ्याला वाचवते आणि रुग्णाची प्रतिष्ठाही राखते. हातमोजा सुई अडवू शकत नाही, पण त्यातून आरपार जाताना सुईवरचे बरेच रक्त पुसले जाते. म्हणून तो प्रत्येक वेळी घालायचा.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खोटा नाही. वापरताच सुई आत ओढून घेणारी किंवा आपोआप झाकणारी साधने महाग पडतात. पण ती परिणामकारक आहेत. अमेरिकेत २००० साली अशा साधनांविषयी कायदा झाला, आणि २००१ मध्ये रुग्णालयांतल्या टोचण्याच्या जखमा सुमारे ३८ टक्क्यांनी घटल्याचे नोंदींतून दिसले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये सुरक्षित सिरिंजचा आग्रह धरला. लहान दवाखान्याला सगळे एकदम परवडणार नाही, हे मान्य. मग जिथे धोका जास्त तिथून सुरुवात करावी. रक्त काढण्याच्या आणि शिरेत बसवण्याच्या पोकळ सुयांमध्ये रक्त जास्त राहते, म्हणून त्या आधी बदलाव्यात. डब्याची जागा बदलायला आणि तो वेळेवर बदलायला तर जवळजवळ खर्चच येत नाही. तरी हे होत नसेल, तर अडचण पैशांची नसून प्राधान्याची आहे.

आता सुई टोचलीच, तर काय करायचे? जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची. दाबून रक्त काढायचे नाही, बोट तोंडात घालायचे नाही, ब्लीच किंवा जहाल जंतुनाशक लावायचे नाही. डोळ्यांत रक्त उडाले असेल तर भरपूर पाण्याने डोळे धुवायचे. मग लगेच, काम संपायची वाट न पाहता, वरिष्ठांना कळवायचे. एचआयव्ही रोखणारी औषधे दोन तासांच्या आत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग नाही, आणि ती पूर्ण २८ दिवस घ्यावी लागतात. या औषधांच्या उपयोगाचा पुरावा जुना आहे. १९९७ मध्ये अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन आणि इटलीतील नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात झिडोव्हुडीन हे औषध घेतलेल्यांना लागण होण्याची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी कमी दिसली, आणि आजची औषधे त्याहून सोसायला सोपी आहेत. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीसाठी इम्युनोग्लोब्युलिन आणि लस, शक्यतो २४ तासांत. हिपॅटायटिस सीसाठी लस नाही, प्रतिबंधक औषध नाही, पण लागण वेळेत ओळखली तर काही आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. म्हणून त्याच दिवशी रक्ताची पहिली तपासणी आणि पुढे सांगितलेल्या तारखांना फेरतपासणी आवश्यक. कुठे जायचे हे कळत नसेल तर १०९७ हा शासनाचा मोफत क्रमांक आहे.

या सगळ्यात सर्वांत मौल्यवान असतो तो वेळ, आणि 'लक्ष कुठे होतं' हा प्रश्न नेमका तोच खातो. ओरडा बसेल, बदनामी होईल, नोकरी जाईल, या भीतीने सांगायला दोन दिवस गेले तर ७२ तासांतले ४८ गेले. कुणाला दोषच द्यायचा नाही, तर शिस्त कशी राहणार, असे काही वरिष्ठ विचारतील. शिस्त जरूर हवी, पण ती कळवण्याची शिस्त हवी. नोंद झाली तरच कोणत्या वॉर्डात, कोणत्या साधनाने, कोणत्या पाळीत जखमा होतात हे कळते, आणि डबा हलवायचा की सिरिंज बदलायची हे ठरवता येते. सुरक्षित वातावरण, प्रशिक्षण आणि टोचल्यानंतरची औषधे पुरवणे हे आता कायद्यानेही संस्थेचे कर्तव्य आहे. म्हणून प्रमुखांना माझी विनंती, की पुढच्या वेळी कुणी जखमी बोट घेऊन समोर आले तर आधी विचारा, 'किती वाजता टोचलं?' औषध सुरू करा, आणि मगच डबा कुठे होता ते पाहायला वॉर्डात जा. आणि काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगणे आहे, की तुमच्या लसीचे डोस पूर्ण आहेत का हे याच आठवड्यात तपासा, रात्रपाळीत औषध कुणाकडे मिळते हे आधीच विचारून ठेवा, आणि टोचल्यास लपवू नका. मदत मागणे हा तुमचा हक्क आहे.