खुराड्यातील हवा

कोंबडी हा खेड्यातील परसात नित्य दिसणारा पक्षी आहे. पहाट झाली की कोंबडा आरवतो, खुराड्याचे दार उघडते आणि कोंबड्या अंगणभर पसरतात. उकिरडा उकरावा, किडे वेचावेत, सांडलेले दाणे टिपावेत, असा त्यांचा दिवस जातो. दिवेलागणीला त्या आपण होऊन परत येतात. दिवसभर मोकळ्यावर हिंडणाऱ्या कोंबडीची कोणी फारशी काळजी घेत नाही, आणि तशी गरजही नसते. परंतु संध्याकाळपासून सकाळपर्यंतचे दहाबारा तास ती जेथे काढते, त्या जागेकडे मात्र लक्ष द्यावेच लागते. तिच्या पुष्कळ दुखण्यांचे मूळ त्या जागेत असते.

खेड्यातील खुराडे कसे असते, ते तुम्ही पाहिलेच असेल. घराच्या मागल्या भिंतीला टेकून बांधलेली दगडमातीची किंवा फळ्यांची ती एक लहानशी खोपी असते. उंची कमरेएवढी, वर एखादा जुना पत्रा, पुढे हातभर रुंदीचे दार. कित्येक घरी तेवढेही नसते. बांबूचे डालगे पालथे घालून त्यावर धोंडा ठेवला की काम झाले. रात्री मुंगूस, रानमांजर, घूस आणि साप यांचे भय असते. म्हणून घरधनीण जेथे फट दिसेल तेथे चिंधी कोंबते आणि दारावर गोणपाट टाकते. थंडीच्या दिवसांत तर ती पत्र्याखालची उरलीसुरली भोकेही चिखलाने लिंपून घेते. यात तिची माया असते, आणि काळजीही असते. अंड्यांचे पैसे हे पुष्कळ घरी तिच्या हक्काचे पैसे असतात. त्यांतून मीठमिरची येते, मुलांच्या वह्या येतात. चार कोंबड्या दगावल्या तर ते सारे थांबते.

इतके करूनही काय होते? सकाळी दार उघडताच नाकाला झोंबणारा दर्प बाहेर येतो. एखादी कोंबडी पिसे फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी असते. श्वास घेताना तिच्या घशात घरघर होते. “हिला थंडी बाधली,” असे घरातील माणसे म्हणतात, आणि त्या रात्री खुराड्यावर आणखी एक गोणपाट चढते. दुसऱ्या दिवशी आणखी दोन कोंबड्या तशाच होतात.

थंडी हा कोंबडीचा मोठा शत्रू नव्हे. तिच्या शरीराची उष्णता सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते, म्हणजे माणसाच्या शरीरापेक्षा चार अंशांनी अधिक. ती उष्णता धरून ठेवण्यासाठी निसर्गाने तिला पिसांचे पांघरूण दिलेले आहे. पिसे फुलवली की त्यांच्या आत हवेचा थर साठतो आणि तोच तिची रजई होतो. सह्याद्रीच्या रानात राखी रानकोंबडा आजही झाडाच्या फांदीवर उघड्यावर झोपतो. पौषातील रात्रीही त्याला कोणी गोणपाट पांघरीत नाही. मात्र पिसे कोरडी असतील तरच ती ऊब धरतात. ओल्या, कोंदट जागेत ती दमट होतात आणि मग साधी थंडीही अंगाला लागते.

ही ओल कोठून येते? बंद खुराड्यात पाऊस तर शिरत नाही! ती कोंबड्यांपासूनच येते. एक तर त्यांच्या उच्छ्वासातून पाण्याची वाफ सतत बाहेर पडते. थंडीच्या पहाटे पत्र्याला आतून घाम फुटतो आणि थेंब टपटप पडतात, ती हीच वाफ. दुसरे कारण विष्ठा. कोंबडीला निराळे मूत्र नसते. मूत्र व मल एकत्रच बाहेर पडतात. विष्ठेवर जो पांढरा थर दिसतो, तो मूत्राचा भाग. अंडी देणाऱ्या दहा मोठ्या कोंबड्यांची विष्ठा दिवसाला सुमारे एक किलो भरते, आणि तिच्यात पाऊण भागाच्या आसपास पाणी असते. त्यातला बराचसा भाग रात्री, त्या झोपतात तेथेच पडतो.

पांढऱ्या थरातील द्रव्यावर सूक्ष्म जंतू काम करू लागले म्हणजे अमोनिया नावाचा वायू निर्माण होतो. नाकाला झोंबणारा दर्प तो याचाच. ओल आणि ऊब जितकी अधिक, तितका हा वायू अधिक. कोंबडीच्या श्वासनळीला आतून अतिशय बारीक केसांचे अस्तर असते. धूळ आणि रोगजंतू यांना बाहेर लोटण्याचे काम हे केस अहोरात्र करीत असतात. अमोनिया त्यांना दुबळे करतो. त्याने डोळेही चुरचुरतात आणि सुजतात. पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडलेल्या नऊ हवापिशव्या त्याच्या अंगभर पसरलेल्या असतात. काहींच्या शाखा तर हाडांच्या पोकळीपर्यंत जातात. आकाशात उडणाऱ्या जातीला हे वरदानच आहे, परंतु वाईट हवेतील घाण त्याच वाटेने खोल शिरते.

खुराड्यातील हवा चांगली की वाईट, हे ओळखण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. पहाटे दार उघडताना गुडघे टेकून बसावे आणि कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर नाक नेऊन एक श्वास घ्यावा. उभ्या माणसाला जो वास येत नाही, तो तेथे येतो. आपल्या डोळ्यांना क्षणभरात चुरचुर झाली, तर कोंबड्यांनी तीच हवा रात्रभर सोसली आहे असे समजावे.

यावर उपाय कोणता? गरम हवा हलकी असते व वर जाते. पाण्याची वाफही हवेपेक्षा हलकी असते. म्हणून वाईट हवेला बाहेर पडण्याची वाट वरच हवी. छप्पर आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर जागा मोकळी सोडावी आणि तिला अर्ध्या इंचाच्या छिद्रांची मजबूत जाळी ठोकावी. मुंगूस येत नाही, साप येत नाही, हवा मात्र येजा करते. स्वयंपाकघरात धूर कोंडू नये म्हणून आपण वर झरोका ठेवतो, तसेच हे आहे. खालची दीडदोन फूट भिंत मात्र भरीव असावी. कोंबड्या ज्या दांडीवर बसून झोपतात, ती झरोक्याच्या खाली असली पाहिजे, म्हणजे वाऱ्याचा झोत त्यांच्या अंगावर न येता डोक्यावरून निघून जाईल. हवा खेळती असणे वेगळे आणि अंगावर झोत येणे वेगळे, हा भेद न कळल्यामुळे कित्येक जण पहिल्या थंडीतच झरोका बुजवून टाकतात.

उबदार देशात हे ठीक आहे, असे कोणी म्हणेल. परंतु जेथे हिवाळ्यात बर्फ पडते त्या अमेरिकेतही प्रिन्स वुड्स नावाच्या डॉक्टरांनी १९२४ साली मोकळ्या हवेच्या खुराड्यांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. पुढची बाजू उघडी ठेवून तिला केवळ जाळी लावावी, असा त्यांचा आग्रह होता. बर्फातील कोंबड्यांना जे मानवते, ते आपल्याकडील कोंबड्यांना खचितच मानवेल.

आपल्याकडे खरी अडचण थंडीची नसून ऊन आणि पाऊस यांची आहे. कोंबडीला घाम येत नाही. उन्हाळ्यात ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून दूर धरते, तेवढाच तिच्यापाशी उपाय. नागपूर-चंद्रपूरकडे वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा पत्र्याखालचे बंद खुराडे भट्टीच होते. म्हणून खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात. तशाने सकाळचे व तिसऱ्या प्रहरचे ऊन आडव्या भिंतीवर पडते आणि दक्षिणोत्तर झरोक्यांतून थेट आत शिरत नाही. पत्र्यावर कडबा किंवा भाताचा पेंढा घालावा, नाहीतर चुन्याचा पांढरा हात द्यावा. कोकणात गोष्ट निराळी. तेथे नैऋत्येचा पाऊस आडवा झोडपतो. म्हणून छप्पर भिंतीबाहेर हातदीडहात पुढे काढतात आणि त्या अंगाला विणलेल्या झावळ्यांचा पडदा सोडतात. पाऊस ओसरला की पडदा वर गुंडाळायचा, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले. गोणपाटाचा पडदाही चालतो, परंतु तो भिजून चार दिवस ओलाच राहतो.

हवेची वाट केली तरी खालची घाण तशीच राहिली, तर उपयोग अर्धाच होतो. जमिनीवर भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाच्या शेंगांची टरफले यांचा चारसहा इंच जाड थर पसरतात. त्याला गादी म्हणतात. ती विष्ठेतील ओल शोषून घेते. आठवड्यातून दोनदा ती दाताळ्याने खालीवर करावी. गादीचा एक मूठभर नमुना घेऊन आवळून पाहावा. मूठ उघडताच तो सुटा झाला तर गादी उत्तम. लाडवासारखा गोळा बनला तर ती ओली झाली आहे. ओला भाग त्याच दिवशी काढून टाकावा आणि तेथे कोरडे तूस घालावे. काही जण अशा ओल्या जागेवर चुना भुरभुरतात. पांढरे दिसते म्हणून स्वच्छ वाटते इतकेच. चुन्याने अमोनिया उलट अधिक वेगाने सुटतो. चुन्याची जागा भिंतीवर आहे.

गादी बहुधा भिजते ती पाण्याच्या भांड्यापाशी. कोंबड्या त्यात पाय घालतात, ते कलंडतात. भांडे दोन विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येईल असे ठेवावे. रात्री ते बाहेर काढून ठेवले तरी चालते, कारण कोंबडी अंधारात पाणी पीत नाही. दांडीखाली एक फळी किंवा पत्रा टाकून रोज सकाळी तो खरवडला, तर रात्रीची बहुतेक घाण गादीवर पडतच नाही. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि तुमच्यापैकी कोणालाही जमेल. मात्र नाकातोंडावर फडके बांधावे, विष्ठेची धूळ उडवू नये, आणि काम संपताच साबणाने हात धुवावेत.

ओल्या गादीचा आणखी एक धोका आहे. रक्ती हगवण म्हणजे कॉक्सिडिओसिस हा रोग विशेषतः लहान पिलांना होतो. त्याचे सूक्ष्म बीज विष्ठेतून बाहेर पडते तेव्हा निरुपद्रवी असते. उबेत व ओलीत एकदोन दिवस राहिले म्हणजेच ते रोग देण्याजोगे होते. कोरड्या जागेत त्याला ही सवड मिळत नाही. तसेच भिंतीच्या व दांडीच्या फटींत लाल रंगाचे अगदी बारीक किडे दिवसा लपून बसतात आणि रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीचे रक्त पितात. दिवसा कोंबडी धरून पाहिली तर अंगावर काही सापडत नाही, म्हणून हा चोर पुष्कळ दिवस कळत नाही. फटी मातीने बुजवून वर्षातून दोनतीनदा भिंतींना चुना लावला, आणि दांड्या बाहेर काढून कडक उन्हात टाकल्या, की त्याचा आसरा जातो. परसात कोरडी माती व राख यांचा एक ढीग ठेवला तर कोंबड्या त्यात लोळून आपले अंग आपणच साफ करतात.

स्वच्छतेने सर्वच रोग टळतात असे मात्र नाही. मानमोडी, जिला राणीखेत असेही म्हणतात, ती लस टोचल्यावाचून आवरत नाही. २००६ साली फेब्रुवारी महिन्यात नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला, आणि त्या भागातील लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मरू लागल्या, तर मेलेल्या कोंबडीला हात न लावता घरातील मोठ्या माणसांना सांगावे. त्यांनी लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. अशा वेळी झाडलोट करीत बसणे योग्य नव्हे.

खुराड्यातून काढलेली जुनी गादी फेकून देण्याची वस्तू नाही. शेणखतापेक्षा तिच्यात नत्राचा अंश अधिक असतो. ताजी घातली तर मिरचीची आणि वांग्याची रोपे करपतात. म्हणून ती खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर काही महिने कुजू द्यावी लागते. खड्डा खुराड्यापासून दूर आणि आडापासून त्याहून दूर असावा. त्यावर बाभळीच्या चार फांद्याही टाकाव्या लागतात. एरवी ज्यांच्यासाठी एवढी सफाई केली, त्याच कोंबड्या दुपारपर्यंत तो उकरून सगळ्या अंगणभर करतात.