शेवाळाला पकडच मिळाली नाही तर?
(इयत्ता ५ वी ते ८ वी, परिसर अभ्यास व विज्ञान)



आपल्या उमरग्यापासून समुद्र लांब. पण हौदाच्या भिंतीवरचा हिरवा, बुळबुळीत थर प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. तिथूनच हा पाठ सुरू करूया.

शेवाळ चिकटते कसे?
समुद्रात बुडालेल्या वस्तूवर आधी सेंद्रिय पदार्थांचा पातळ थर बसतो. मग जिवाणू येतात, त्यांच्या मागून शेवाळाचे बीजाणू. हे बीजाणू डिंकासारखा पदार्थ सोडून घट्ट बसतात. जहाजाचा तळ असा खरखरीत झाला की पाण्याचा विरोध वाढतो आणि तेवढ्याच वेगासाठी इंधन जास्त लागतं.

जुना उपाय : विष
विसाव्या शतकात ट्रायब्युटिल टिन (टीबीटी) मिसळलेले रंग आले. तळ स्वच्छ राहिला, पण विष पाण्यात उतरलं. फ्रान्सच्या आर्काशों खाडीत कालवांची पैदास ढासळली. समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले. अखेर १७ सप्टेंबर २००८ पासून अशा रंगांवरील बंदीचा आंतरराष्ट्रीय करार लागू झाला.

नवा उपाय : पकडच नाही
सिलिकॉनच्या गुळगुळीत, लवचीक लेपावर डिंक नीट धरत नाही. जहाज वेगाने निघालं की थर सुटतो. काही पॉलिमर पाणी धरून ठेवतात. त्या पाण्याच्या पडद्यामुळे बीजाणूला पृष्ठभागच सापडत नाही. मात्र जहाज बंदरात उभं राहिलं तर थर बसतोच, आणि काही सूक्ष्म शैवाल सिलिकॉनलाही चिकटून राहतात. म्हणून संशोधन चालू आहे. आपल्याकडे गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि अंबरनाथची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा या विषयावर काम करतात.

वर्गात करून पाहा
१. खरबरीत फरशीचा तुकडा, कडा घासलेली काच आणि सिलिकॉनचा जुना चमचा घ्या.
२. हौदाच्या पाण्याच्या बरणीत बुडवा. डास होऊ नयेत म्हणून तोंडाला कापड बांधा.
३. दोन-तीन आठवडे उजेडात ठेवा.
४. तिन्ही वस्तू नळाच्या सारख्याच धारेखाली धरा. कुठला थर आधी सुटतो, ते मुलांनाच लिहू द्या.
आपलं पाणी गोडं आहे, त्यामुळे निकाल समुद्रासारखाच येईल असं नाही, हेही सांगा.

विचार करा
हौदातलं शेवाळ औषध टाकून मारायचं की घासून काढायचं? ते पाणी पुढे कोण पितं? मुलांची उत्तरं नक्की ऐका.