संगणकाचा कारागीर आणि व्यापाऱ्याची गादी

आपल्या पांढुर्णा-सौंसर परिसरातील व्यापारी घरांत अलीकडे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. मुलगा गादीवर बसावयास तयार नाही. तो 'फुल स्टॅक डेव्हलपर' होऊ म्हणतो. हा कोणता धंदा व त्यास कोणते गुण लागतात, याचा विचार येथे करावयाचा आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले धान्याचे ठोक व्यापारी. तेव्हा दुकानाच्या भाषेतच सांगतो.

दुकानाचे भाग तीन. गिऱ्हाइकास दिसते ती दर्शनी बाजू. भाव, वजन व हिशेबाचे नियम हा आतला व्यवहार. आणि सर्व नोंदी जपणारी रोजकीर्द-खतावणी. संगणकाच्या प्रणालीचेही तसेच. पडद्यावरील भाग बहुधा जावास्क्रिप्टच्या साह्याने रचतात, आतील व्यवहार पायथन, जावा यांसारख्या भाषांनी. नोंदी डेटाबेसमध्ये राहतात. त्या बहुधा एसक्यूएल या भाषेने मागवितात. मोठ्या कंपन्यांत या कामांस निरनिराळी माणसे असतात. सर्व कामे जाणून जो एकट्याने प्रणाली उभी करू शकतो, तो फुल स्टॅक डेव्हलपर.

परंतु एवढ्याने भागत नाही, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. काही वर्षांपूर्वी मोठ्या शहरातील एका मंडळीकडून आम्ही पेढीसाठी प्रणाली करवून घेतली. दिसावयास ती सुरेख होती. पण बारदान वजा करण्याचा रकानाच तीत नव्हता. मुनीमजी मनात वजावट करून खरेदी लिहीत. विक्री लिहिणारा नवा मुलगा मात्र भरल्या पोत्याचे वजन मांडी. हंगामाअखेर पंधराशे पोत्यांमागे पावणेनऊ क्विंटलांचा फरक निघाला. पुढे 2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा बिलावरील छिंदवाडा हे नाव बदलण्यासही आम्हांस दीड महिना वाट पाहावी लागली.

दोष केवळ करणाऱ्यांचा नव्हता. त्यांचा माणूस दोन दिवस गादीवर बसू इच्छीत होता. आम्ही त्यास अर्धा तास दिला आणि म्हटले, "बिल निघाले म्हणजे झाले!"

ज्यांनी गरज जवळून पाहिली त्यांचे काम कसे टिकते, याची उदाहरणे आहेत. मूळचे सातारा जिल्ह्यातील कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्त करीत. दुरुस्तीस येणारी यंत्रे व्हायरसने बिघडलेली असत. संगणकशास्त्र शिकलेले धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उपाय लिहिला. तोच पुढे क्विक हील झाला. 1995 साली स्थापन झालेल्या या कंपनीचे समभाग 2016 साली शेअर बाजारात आले. आपल्यापैकी अनेकांच्या पेढीवर असलेल्या टॅलीची कथाही अशीच आहे. बंगळूरचे व्यापारी श्यामसुंदर गोयंका यांना मनाजोगी हिशेबप्रणाली मिळेना, म्हणून गणिताचे पदवीधर पुत्र भरत यांनी ती लिहिली. 1986 साली हा उद्योग सुरू झाला.

यासच आजचे लोक उत्पादनाभिमुख दृष्टी म्हणतात. सांगितले तेवढे करून मोकळे न होता, वापरणाऱ्याची अडचण कोणती, ती सुटली काय, आणि उद्या नियम बदलल्यास प्रणाली बदलता येईल काय, हे पाहणे हा तिचा गाभा होय.

आमचा नातू हीच विद्या शिकून आला आहे. त्याने पुण्यास नोकरी धरावी, हा आमचा आग्रह होता. गेल्या हंगामात तो तीन आठवडे काट्यापाशी बसला, हमालांस व मुनीमजींस प्रश्न विचारीत राहिला आणि मग त्याने बारदान, हमाली व तोलाई यांचे स्वतंत्र रकाने असलेली प्रणाली केली. यंदा साठा बरोबर जुळला. आता तीच प्रणाली इतर पेढ्यांसाठी करण्यास तो एक वर्ष मागतो. आम्ही ते दिले आहे. यश येईलच असे नाही. परंतु नव्या पेढीस आपल्या वडिलांनीही पहिल्या वर्षी नफ्याची अट घातली नव्हती.

बंधूंनो, आपल्या घरातील असा मुलगा किंवा मुलगी दुकानात येऊन प्रश्न विचारील, तेव्हा त्यास अर्ध्या तासात वाटेला लावू नये, एवढीच विनंती.